नियमाच्या फटीतून जाणारा वारा

फॉर्म्युला वन म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? तीनशेच्या वेगाने जाणारी गाडी, हेल्मेट घातलेला ड्रायव्हर आणि शेवटी शॅम्पेनचे फवारे. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रेस लागली की "इंजिन कोणाचं भारी?" आणि "ड्रायव्हर कोण भारी?" या दोनच विषयांवर भांडणं होतात. पण या खेळात तिसरी एक वस्तू आहे, जी टीव्हीवर कधीच दिसत नाही आणि जिच्या जोरावर वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्या गेल्या आहेत. ती म्हणजे एक पुस्तक. नियमांचे पुस्तक!

फॉर्म्युला वनचे तांत्रिक नियम एफआयए ही संस्था तयार करते. गाडीचा तळ कसा असावा, पंख किती रुंद असावा, नाक किती उंचीवर असावे, सगळे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. प्रत्येक टीमचे इंजिनिअर हे पुस्तक वाचतात, पण आपण सिलॅबस वाचतो तसे नव्हे. (आपण तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो!) त्यात काय लिहिले आहे हे ते बघतातच, पण काय लिहायचे राहून गेले आहे, हे त्याहून बारकाईने बघतात. आपल्याकडे शंकरपट बघितलेल्या माणसाला सेकंदाच्या शंभराव्या भागाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. इथे तर तेवढ्या भागासाठी कोट्यवधी रुपये खर्च होतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे 'एकोणऐंशी' म्हणजे ७९ की ८९ हे मला आजही बोटांवर मोजावे लागते. आणि या लेखात 'लोटस ७९' नावाची गाडी येणार आहे. म्हणून सगळे आकडे अंकातच लिहिते. मराठीच्या मॅडमनी समजून घ्यावे ही विनंती.

आधी थोडी हवा

मे-जूनच्या वादळात आपल्या भागात घरांवरची टिनं उडतात. लोक म्हणतात, वाऱ्याने टिन उचलून नेले. अगदी बरोबर म्हणतात. छपरावरून वारा जोरात वाहतो तेव्हा तिथला दाब कमी होतो. घरातली हवा शांत असते, तिचा दाब जास्त. हा फरक टिनाला खालून वर ढकलतो. फर्स्ट इयरला बर्नोलीचे समीकरण पाठ केले होते ना, त्याचेच हे घरगुती उदाहरण. विमानाच्या पंखातही वरचा दाब कमी आणि खालचा जास्त, म्हणून विमान उचलले जाते.

आता तोच पंख उलटा करून गाडीवर लावला तर? गाडी उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जाईल. याला डाउनफोर्स म्हणतात. पण गाडी दाबून फायदा काय? तर वळणावर गाडीला धरून ठेवते ते टायरचे घर्षण, आणि घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले टायरवरचा भार. गाडीत पोती भरूनही भार वाढेल, पण मग वस्तुमानही वाढेल आणि वळवायला तेवढेच जास्त बळ लागेल. हवा मात्र वस्तुमान न वाढवता भार वाढवते. फुकटचा भार!

आकडे घालून बघा. वळणाची त्रिज्या १०० मीटर आणि घर्षणांक १.५ धरा. डाउनफोर्स नसेल तर गाडी जास्तीत जास्त ताशी १३८ किलोमीटर वेगाने ते वळण घेईल. आता गाडीच्या वजनाइतकाच डाउनफोर्स मिळाला असे समजा. भार दुप्पट, म्हणून वेग २ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढेल, म्हणजे ताशी १९५! (खरा टायर इतका आज्ञाधारक नसतो, पण हिशेबाची दिशा हीच.) वर डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आजची फॉर्म्युला वन गाडी मोठ्या वेगात स्वतःच्या वजनाहून जास्त डाउनफोर्स तयार करते.

दुसरी युक्ती गाडीच्या पोटाखाली असते. तळ आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद जागेतून हवा वेगाने जाते आणि तिथला दाब कमी होतो. मागच्या बाजूला तळ हळूहळू वर चढत जातो, त्या भागाला डिफ्युझर म्हणतात. तो जितका मोठा, तितकी तळाखालून हवा जोरात ओढली जाते. हा डिफ्युझर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नियम कुठून आला?

१९६८ च्या सुमारास टीम्सनी गाड्यांवर उंच काठ्यांवर पंख उभारायला सुरुवात केली. काही पंख तर थेट चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेले असत. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोन्जुइक सर्किटवर लोटसच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंड्ट या दोघांच्याही गाड्यांचे पंख मोडले आणि दोघांचेही भयंकर अपघात झाले. सुदैवाने दोघे वाचले. पुढच्याच मोनाकोच्या रेसला उंच पंखांवर बंदी आली. त्यानंतरच्या नियमांचा गाभा असा: हवेवर परिणाम करणारा गाडीचा भाग गाडीला पक्का जोडलेला असावा आणि तो हलू नये.

किती साधे वाक्य! पण पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे इंजिनिअर लोक या एका वाक्याशी खेळत आले आहेत.

पंखा नेमका कशासाठी?

१९७७ मध्ये लोटस ७८ आणि १९७८ मध्ये लोटस ७९ या गाड्या आल्या. कॉलिन चॅपमनच्या टीमने गाडीच्या दोन्ही बाजूंचा तळ उलट्या पंखासारखा केला आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून कडेला जमिनीपर्यंत पट्ट्या लावल्या. त्यांना स्कर्ट म्हणत. १९७८ ची चॅम्पियनशिप मारिओ आंद्रेत्तीने याच गाडीवर घेतली.

ब्रॅबहॅम टीमला हे जमत नव्हते, कारण त्यांचे अल्फा रोमिओचे १२ सिलिंडरचे इंजिन आडवे, पसरट होते. तळाला वळण द्यायला जागाच उरत नव्हती. तेव्हा त्यांचा डिझायनर गॉर्डन मरे याने गाडीच्या मागे एक मोठा पंखा बसवला. पंखा तळाखालची हवा ओढून मागे फेकायचा आणि गाडी जमिनीला चिकटायची. वळणावर वेग कमी असला तरी दाब कायम!

पण हलणारी वस्तू तर चालत नाही ना? इथेच नियमाचा अर्थ लावायची गंमत आहे. ब्रॅबहॅमने रेडिएटर इंजिनच्या वर ठेवला आणि सांगितले, हा पंखा मुख्यतः इंजिन थंड करायला आहे, गाडी खाली दाबली जाते तो जोडधंदा. तपासणाऱ्यांना ते मान्य करावे लागले. १७ जून १९७८ रोजी स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला निकी लाउडाने या बीटी४६बी गाडीवर ३४ सेकंदांहून जास्त फरकाने रेस जिंकली. इतर टीम्सनी एवढा गोंधळ घातला की टीमचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी गाडी मागे घेतली आणि पुढे अशा पंख्यांवर बंदी आली. एक रेस, एक विजय, आणि तो विजय रेकॉर्डमध्ये कायम राहिला, कारण त्या दिवशी गाडी नियमात होती.

कधी मोजले, कसे मोजले

आपला जिल्हा कापसाचा, म्हणून पुढचा मुद्दा कापसावरून सांगते. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा मीटरने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून जास्त असेल तर माल परत. आता हिवाळ्यातल्या सकाळी दव पडलेले असताना मोजा आणि तोच कापूस दुपारी उन्हानंतर मोजा. आकडा वेगळा येईल. कापूस तोच, नियम तोच, फक्त मोजायची वेळ वेगळी. म्हणून जाणता शेतकरी ऊन चढल्यावर गाडी काट्यावर लावतो. यात लबाडी काहीच नाही.

१९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हेच घडले. जमिनीला घासणाऱ्या सरकत्या स्कर्टवर बंदी आली आणि तळाखाली ६ सेंटिमीटर जागा मोकळी असलीच पाहिजे असा नियम झाला. आता ताशी २५० वेगाने धावणाऱ्या गाडीखाली पट्टी घेऊन कोण झोपणार? मोजमाप पिट्समध्ये, गाडी उभी असतानाच होणार. गॉर्डन मरेने पुन्हा डोके लावले. त्याच्या बीटी४९सी गाडीत हवा आणि तेल यांवर चालणारे असे सस्पेन्शन होते की वेग वाढला की हवेच्या दाबानेच गाडी खाली बसायची, आणि पिट्समध्ये येताना हळू झाली की पुन्हा वर यायची. पट्टी लावली की ६ सेंटिमीटर बरोबर भरायचे! नेल्सन पिकेने त्या वर्षीची चॅम्पियनशिप एका गुणाने जिंकली. १९८३ पासून तळ सपाटच असावा असा नियम करून हा प्रकार थांबवण्यात आला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नियम म्हणजे कागदावरचे वाक्य, अधिक तो तपासायची पद्धत. प्रॅक्टिकलला आपण ज्याला 'लीस्ट काउंट' म्हणतो, त्याच्या खालचे जग तपासणाऱ्याला दिसतच नाही.

टॉप व्ह्यूमध्ये न दिसणारी फट

आता माझी सर्वात आवडती केस, २००९ ची. ज्यांनी ईडी, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, रडतखडत पास केले त्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

२००९ मध्ये डाउनफोर्स कमी करण्यासाठी नियम बदलले आणि डिफ्युझरची उंची १७५ मिलिमीटरवर आणली. गाडीचा तळ तेव्हा नियमानुसार दोन पातळ्यांचा असायचा. मधला भाग खाली आणि दोन्ही बाजूंचे भाग त्याच्यापेक्षा ५० मिलिमीटर वर. मध्ये एक उभी भिंत, पायरीसारखी. नियम सांगत होता की खालून बघितले असता हे पृष्ठभाग सलग दिसले पाहिजेत, त्यांना भोक नको.

आता एखाद्या जिन्याचा टॉप व्ह्यू काढा. पायऱ्यांचे आडवे भाग दिसतील. उभे भाग दिसतील का? नाही, तिथे फक्त एक रेघ येईल. त्या उभ्या भागाला खिडकी पाडली तरी टॉप व्ह्यूमध्ये फरक शून्य! ब्रॉन जीपी, टोयोटा आणि विल्यम्स या तीन टीम्सनी नेमके हेच पकडले. दोन पातळ्यांच्या मधल्या उभ्या जागेत त्यांनी फट ठेवली. खालून सरळ बघितले तर भोक नाहीच, पण हवा त्या फटीतून वर जाऊन दुसऱ्या, वरच्या डिफ्युझरमध्ये शिरत होती. खालचा डिफ्युझर १७५ मिलिमीटरचा, नियमाप्रमाणे. वरचा बोनस. म्हणून नाव पडले डबल डिफ्युझर.

ब्रॉन जीपी ही टीम म्हणजे जुनी होंडा. होंडाने २००८ च्या अखेरीस खेळ सोडला आणि रॉस ब्रॉन यांनी ती टीम एका पौंडाला घेतली. २९ मार्च २००९ रोजी मेलबर्नच्या पहिल्याच रेसमध्ये त्यांचे ड्रायव्हर पहिला आणि दुसरा आले. फेरारी, रेनॉ, रेड बुल यांनी तक्रार केली. प्रकरण पॅरिसमध्ये एफआयएच्या अपील कोर्टात गेले. १५ एप्रिलला निकाल लागला: डबल डिफ्युझर नियमात बसतो. पहिल्या ७ रेसपैकी ६ जेन्सन बटनने जिंकल्या आणि वर्षअखेर दोन्ही चॅम्पियनशिप ब्रॉनकडे गेल्या. २०११ पासून डबल डिफ्युझरवर बंदी आली.

यातली एक बाजू फार कमी लोकांना माहीत असते. ब्रॉन यांनी २००८ च्या मार्चमध्येच इतर टीम्सना सांगितले होते की नवे नियम हेतू साध्य करणार नाहीत, ते अजून घट्ट करूया. इतरांनी ऐकले नाही. मग ब्रॉन यांनीही आपली वाट धरली. संधी दिली होती, घेतली नाही, मग तक्रार कशाची?

ड्रायव्हरचा गुडघा

२०१० मध्ये मॅकलारेनने नाकावरून एक नळी ड्रायव्हरजवळून मागच्या पंखापर्यंत नेली. सरळ रस्त्यावर ड्रायव्हर गुडघ्याने त्या नळीचे एक छिद्र झाकायचा. मग हवेचा झोत मागच्या पंखाकडे वळायचा, पंखावरचा प्रवाह बिघडायचा, ड्रॅग कमी व्हायचा आणि वेग वाढायचा. वळणाआधी गुडघा काढला की डाउनफोर्स परत. याला एफ-डक्ट म्हणतात.

पंख हलला का? नाही. गाडीचा कोणताही भाग हलला का? नाही. हलला तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर हा गाडीचा भाग आहे असे नियमात कुठेच लिहिलेले नव्हते! फेरारीने नंतर हेच केले, तेव्हा त्यांचे ड्रायव्हर छिद्र झाकायला हात वापरत. विचार करा, तीनशेच्या वेगात एक हात स्टिअरिंगवरून काढलेला. २०११ ला याच्यावर बंदी आली आणि त्याऐवजी एफआयएने स्वतःच मागच्या पंखाची पट्टी उघडायची परवानगी दिली, म्हणजे डीआरएस. २०२६ च्या नियमांत डीआरएस गेले आणि पुढचा व मागचा दोन्ही पंख हलणे कायदेशीर झाले. १९६९ ला जे वाईट ठरले होते, ते ५७ वर्षांनी नियमातच आले.

आपली टीमही कमी नव्हती

भारताच्या नावाने धावणारी फोर्स इंडिया ही टीम २००८ ते २०१८ या काळात होती. कारखाना इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला, पण लायसन्स भारताचे. त्यांची एक केस सांगितलीच पाहिजे.

२०१४ मध्ये सुरक्षेसाठी गाडीचे नाक खाली आणण्याचा नियम झाला. टोकाची कमाल उंची ५५० वरून १८५ मिलिमीटरवर आली. टोकाच्या ५० मिलिमीटर मागे नाकाचे छेदक्षेत्र किमान ९,००० चौरस मिलिमीटर हवे, अशीही अट होती. पण नाक खाली आणले की तळाखाली जाणारी हवा अडते. म्हणून बहुतेक टीम्सनी नाक उंचच ठेवले आणि पुढे फक्त एक बोट काढले. दिसायला फारच विचित्र! लोटसने तर दोन सुळे काढले आणि एक सुळा दुसऱ्यापेक्षा थोडा लांब ठेवला, म्हणजे टोक एकच मोजले जाईल.

२०१५ साठी नाकाचा आकार नियमाने सुधारला. तेव्हा फोर्स इंडियाने सिल्व्हरस्टोनच्या रेसला व्हीजेएम०८बी ही गाडी आणली. तिच्या नाकाला चक्क दोन नाकपुड्या होत्या! नियमाला हवे होते तेवढे रुंद नाक होते, पण त्यातल्या छिद्रांतून हवा तळाकडे जात होती. क्रॅश टेस्टही पास झाली. त्या वर्षी टीम पाचवी आली आणि पुढची दोन वर्षे चौथी. मोठ्या टीम्सच्या मानाने कमी पैशांत ही कामगिरी झाली.

हीच टीम २०१८ मध्ये कर्जात बुडाली, नवे मालक आले आणि नाव रेसिंग पॉइंट झाले. २०२० मध्ये त्यांच्या गाडीच्या ब्रेक डक्टवर रेनॉने तक्रार केली. त्या वर्षापासून ब्रेक डक्ट टीमने स्वतःच डिझाइन करायचे असा नियम लागू झाला होता आणि यांचे मागचे डक्ट मर्सिडीजच्या डिझाइनवरून आले होते. निकाल: ४ लाख युरो दंड आणि १५ गुण वजा. गंमत म्हणजे डक्ट वापरत राहायला मनाई झाली नाही, कारण वस्तू नियमात होती. चुकीचा होता तो डिझाइन मिळवायचा मार्ग. जर्नल कॉपी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

सगळेच वाकते

आता पुन्हा १९६९ च्या वाक्याकडे येऊ. भाग हलू नये. पण आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये काय शिकलो? भार दिला की प्रत्येक वस्तू वाकते. हूकचा नियम एफआयएच्याही वर आहे. म्हणजे 'अजिबात हलू नये' हा नियम पाळणे कोणालाच शक्य नाही. मग एफआयए काय करते? ठरावीक भार देऊन किती वाकते ते मोजते. आणि टीम्स कार्बन फायबरचे थर असे रचतात की टेस्टच्या जागी, टेस्टच्या दिशेने पंख ताठ राहावा, आणि ट्रॅकवर, जिथे दाब वेगळ्या पद्धतीने येतो, तिथे हवा तसा वाकावा. २०१० मध्ये पुढच्या पंखाच्या टेस्टचा भार ५० किलोवरून १०० केला. २०२५ मध्ये स्पेनच्या रेसपासून १०० किलोला १५ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरच वाकण्याची मुभा राहिली. टेस्ट कडक झाली की रचना बदलते, रचना बदलली की टेस्ट. हा खेळ संपणारा नाही. म्हणूनच एफआयएने निकोलस टोंबाझिस यांच्यासारखे फेरारी आणि मॅकलारेनमध्ये काम केलेले डिझायनर २०१८ पासून स्वतःकडे घेतले.

आणि मोजमापापुढे दयामाया नाही. २०२१ मध्ये ब्राझीलला लुइस हॅमिल्टनच्या मागच्या पंखाची उघडलेली फट ८५ मिलिमीटरपेक्षा ०.२ मिलिमीटरने जास्त भरली. मुद्दाम केले असे कोणी म्हटले नाही, तरीही क्वालिफाइंगमधून बाद! (पठ्ठ्याने तरीही रविवारची रेस जिंकली, ती गोष्ट वेगळी.)

मग ही लबाडी का?

हा प्रश्न मला गेल्या महिन्यात प्रत्यक्ष सोडवावा लागला. आमची टीम विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठी गो-कार्ट बनवते आहे आणि बॉडीवर्क माझ्याकडे आहे. स्पर्धेच्या नियमात लिहिले आहे की पुढच्या पत्र्याची कड जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावी आणि ती तपासणीच्या वेळी मोजली जाईल. गाडी धावताना ती किती असावी याबद्दल एक अक्षर नाही. आमच्यातल्या एकाने लगेच सुचवले, पत्रा पातळ ठेवू, वेगात हवेने खाली वाकेल, उभी असताना सरळ. १९८१ ची ब्रॅबहॅम, यवतमाळ आवृत्ती!

मी हिशेब केला. सरळ रस्त्यावर ताशी ६५ वेगाला हवेचा गतिज दाब येतो जवळपास २०० पास्कल. आमच्या पत्र्याचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. फार चांगले काम केले तरी ८० न्यूटन, म्हणजे ८ किलो. पण डाउनफोर्स हवा असतो वळणावर, आणि तिथे आमचा वेग असतो ४० च्या आसपास. मग उरतात ३ किलो. ड्रायव्हरसकट गाडी १७० किलोची. वळणावरचा वेग वाढेल १ टक्क्याहूनही कमी. दुसऱ्या पारड्यात काय? बाद झालो तर २२ जणांनी प्रत्येकी ५,००० रुपये भरून केलेले वर्षभराचे काम, आणि फायनल इयरवाल्यांची शेवटची संधी.

"अगं, पण १ टक्क्यानेच तर रेस जिंकते ना," आमचा वेल्डिंग करणारा मित्र म्हणाला. मी म्हटले, मग आयोजकांना लेखी विचारू. तर म्हणतो, "विचारलं की नाहीच म्हणते ना ते! काहून विचारायचं?"

त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. फॉर्म्युला वनमध्येही टीम्स हाच विचार करतात. विचारले तर उत्तर मिळते, पण ते उत्तर टेक्निकल डायरेक्टिव्ह होऊन सगळ्यांच्याच हाती जाऊ शकते. न विचारावे तर रेसनंतर बाद होण्याची भीती.

बराच विचार केल्यावर मला दोन कसोट्या सापडल्या. पहिली: ही गोष्ट तपासणाऱ्याला उघड दाखवता येते का? प्रतिस्पर्ध्यापासून लपवणे वेगळे, ते ब्रॉननेही केले आणि मॅकलारेननेही. पण तपासणाऱ्याने विचारले तर "हो, असे आहे, आणि तुमच्या अमुक कलमात ते बसते" असे सांगता आले पाहिजे. १९८४ मध्ये टिरेल टीम रेसच्या शेवटी टाकीत पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्या भरून वजन पूर्ण करत असल्याचे प्रकरण निघाले आणि त्यांचे पूर्ण वर्षाचे निकाल रद्द झाले. डबल डिफ्युझर कोर्टात टेबलावर ठेवता आला. शिशाच्या गोळ्या कोणत्या तोंडाने ठेवणार?

दुसरी कसोटी जास्त महत्त्वाची वाटते: आपले डोके चुकले तर किंमत कोण मोजणार? ब्रॉनचा डिफ्युझर चुकला असता तर गाडी हळू झाली असती, बस्स. मोन्जुइकचे पंख मोडले तेव्हा किंमत हिल आणि रिंड्टने मोजली, पंख काढणाऱ्याने नाही. आमचा पातळ पत्रा खाली वाकून रस्त्याला घासला, तुटला आणि पुढच्या चाकाखाली आला, तर गाडीत बसलेली असेल ती आमची सेकंड इयरची ज्युनिअर. डिझाइन करणारी मी पिट्समध्ये सुरक्षित उभी असेन.

पहिल्या कसोटीत आमचा पत्रा कदाचित पास होईल. दुसरीत माझ्या मते नाही. टीमचे मत अजून विभागलेले आहे, सरांनी निर्णय आमच्यावर सोडला आहे, आणि हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो झालेला असेल. माझे मत मी मीटिंगमध्ये सांगितले आहे, तेच इथे लिहिते: पत्रा जाड ठेवा, आणि तेवढीच हुशारी वजन कमी करण्यात लावा, तिथे नियम मोकळे आहेत.

शेवटी ज्युनिअर मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते, की कोणत्याही स्पर्धेचे नियमपुस्तक हातात आले की ते कथेसारखे एकदा वाचून ठेवून देऊ नका. प्रत्येक कलमाला तीन प्रश्न विचारा. यात वापरलेल्या शब्दाची व्याख्या दिली आहे का? हे मोजणार कोण, कधी आणि कशाने? आणि हा नियम मुळात कोणाला वाचवण्यासाठी आला? पहिल्या दोन प्रश्नांतून तुम्हाला फट सापडेल. तिच्यातून जायचे की नाही, ते तिसऱ्याचे उत्तर मिळाल्यावरच ठरवा.